सागरी अभयारण्यात गावाला नेमका किती अधिकार असतो? आमच्या तलावाच्या आराखड्यासाठी विचारत आहे

बांधावरचा (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) :

सर्वांना नमस्कार. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरण्याचा व सांभाळण्याचा कायदेशीर हक्क) मिळाल्यानंतर ग्रामसभेने व्यवस्थापन आराखडा लिहायला घेतला आहे. हक्काच्या क्षेत्रात एक जुना मालगुजारी (म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या काळातला) तलाव येत असल्यामुळे त्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न आराखड्यात आपोआपच आला. तलावाच्या वरच्या अंगाला, जेथे जंगल पाण्याला टेकते, तेथील भाग काही वर्षे मासेमारीसाठी पूर्ण बंद ठेवावा, अशी सूचना गेल्या सभेत एका तरुणाने मांडली आणि तिच्या पुष्ट्यर्थ मालवणच्या सागरी अभयारण्याचा दाखला दिला. त्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी दोनच गोष्टी विचारल्या : मालवणच्या मच्छीमारांनी ते अभयारण्य मागितले होते काय, आणि आज तेथे जाळे कोठे टाकायचे हे कोण ठरवते? सभेत कोणालाही उत्तर देता आले नाही आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ पासून आमच्या शेजारी आहे आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही झाला, त्यामुळे जंगलातील मनाई म्हणजे काय हे आमच्या लोकांना सांगावे लागत नाही. पाण्यातील मनाईचे गणित मात्र आम्हाला ठाऊक नाही. झाडावर खूण करता येते, बांधाला हद्द असते. पाण्यातला मासा आज इकडे असतो, उद्या तिकडे. समुद्रावर हा प्रयोग अनेक वर्षे चालू असल्याने तेथे गावकऱ्यांच्या हातात काय होते, काय नव्हते आणि त्याचा परिणाम काय झाला, हे जाणून घ्यावे असे वाटते.

आणखी एक अडचण सांगून ठेवतो. तलावाच्या कडेच्या उथळ पाण्यात लहान मासे, खेकडे आणि कमळाचे कंद गोळा करणाऱ्या बहुतेक स्त्रिया मत्स्य सहकारी संस्थेच्या सभासद नाहीत. बंदी आली तर पहिली झळ त्यांना बसेल आणि संस्थेच्या ठरावात त्यांचे नावसुद्धा येणार नाही. अशा लोकांचे समुद्रकिनारी काय केले जाते, हेही कोणास माहीत असल्यास कृपया लिहावे.

कर्लीकाठ (मूळ सिंधुदुर्ग, सध्या गडचिरोली जिल्ह्यात) :

त्या ज्येष्ठ गृहस्थांचा पहिला प्रश्न अचूक आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना एप्रिल १९८७ मध्ये निघाली. क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर, त्यांपैकी सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र; पद्मगड बेट आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर त्यात येतो. नकाशावर हे लहानसे दिसते, परंतु मालवणच्या किनाऱ्यालगत गाबीत समाजाची जी रोजची मासेमारी चालते, तिच्या ऐन अंगणातच ही रेषा ओढली गेली. आपले जाळे बंद होईल या भीतीने स्थानिकांचा विरोध सुरुवातीपासून राहिला आणि त्यामुळे कागदावरील सीमा व समुद्रातील व्यवहार यांत मोठे अंतर पडले.

यावरून मालवणचा मच्छीमार कोणताही निर्बंध मानत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. याच किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमार पर्ससीन जाळ्यांवर (माशांचा सगळा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या यांत्रिक जाळ्यांवर) आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घालावी म्हणून वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरत आले आहेत. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीचे परवाने, क्षेत्र आणि कालावधी यांवर निर्बंध घातले आणि केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. या दोन्ही निर्णयांमागे मुख्य रेटा मच्छीमारांचाच होता. रापणीसारख्या पद्धतीत तर अनेक घरे मिळून एक जाळे ओढतात आणि मिळकतीचे वाटे ठरलेले असतात, म्हणजे शिस्त ही त्यांच्या धंद्यातच मुरलेली आहे. त्यांची हरकत एवढीच, की मोठ्या यांत्रिक नौकेने रात्री येऊन मासा उपसावा आणि सकाळी नियमाचा बडगा मात्र लहान होडीवाल्याच्या पाठीत बसावा, हे कसे चालेल? म्हणूनच तुमच्या तलावावर बाहेरून कोण येते, हे आधी लिहून काढा.

कोकणात चांगले घडलेलेही आहे. वेळासला समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम २००२ पासून उभे राहिले ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतल्यामुळे, आणि पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे उतरू लागले. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया कांदळवनातून होडीने पर्यटक नेतात. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिला तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही राज्यात आहे, आणि तिच्यामुळे अनेक कासवे व देवमासे सुखरूप समुद्रात परतले आहेत. मला ही योजना विशेष आवडते, कारण नुकसान कोणाचे होते हे ती मान्य करते. तरीही या सर्व उदाहरणांत गावाला उत्पन्न मिळाले, मान मिळाला. कोणते पाणी, कधी आणि कोणासाठी बंद करायचे हा निर्णय मात्र गावाकडे आला नाही. पर्यटनातून चार पैसे मिळाले की त्यालाच लोकसहभाग म्हणायची सवय आपल्याकडे फार लवकर लागते.

निस्तारपत्रक (चंद्रपूर) :

कायद्याची बाजू मी मांडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २६-अ नुसार प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर केंद्राची पूर्वसंमती लागते, हद्द नौदलाच्या मुख्य जलमापकाशी विचारविनिमय करून ठरवावी लागते आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना केल्यानंतरच ती हद्द आखता येते. शब्द चांगले आहेत, पण पुरेशी उपाययोजना म्हणजे काय आणि ती पुरेशी झाली हे कोणी ठरवायचे, याबाबत मच्छीमारांच्या संमतीची अट तेथे नाही. कलम ३३-ब नुसार अभयारण्यासाठी सल्लागार समिती असते. तिच्यात त्या मतदारसंघाचे आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी येतात. ती नावाप्रमाणे सल्ला देते. अध्यक्षस्थान वन विभागाकडे आणि सचिवपदही त्यांच्याकडेच असते.

त्याच अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आणले, आणि तेथे व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच प्रतिनिधी व वन विभागाचा एक प्रतिनिधी अशी रचना आहे. केरळमधील कडलुंडी-वल्लिकुन्नू हे खाडीमुखाचे क्षेत्र २००७ साली अशा प्रकारे घोषित झाले. हे ऐकून कोणी तुमच्या तलावाला समुदाय राखीव क्षेत्र करा असे सुचवील, म्हणून आधीच सावध करतो. एकदा घोषणा झाली की जमिनीच्या वापरातील कोणत्याही बदलास समितीच्या ठरावाबरोबर राज्य शासनाची मान्यता लागते. ज्याच्याकडे दुसरा कोणताच हक्क नाही त्याच्यासाठी ही तरतूद लाभाची आहे. तुमच्याकडे त्याहून मोठा हक्क आहे.

तो असा. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यांतील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे. कलम ३(१)(झ) मध्ये सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. आणि कलम ५ ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र व जलस्रोत सुरक्षित ठेवण्याचा अधिकार देते. समुद्रावर यासारखा कायदाच नाही. मालवणच्या मच्छीमाराला पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा आधार आहे, पण त्याच्या गावाला अमुक पाणी आमच्या व्यवस्थापनाखाली आहे असे सांगणारा शासकीय कागद दाखवता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळवला तेव्हापासून विदर्भातील शेकडो गावांकडे तो कागद आहे. त्यामुळे समुद्राकडून शिकताना ही तुलना ध्यानात ठेवावी : तिकडे शासन क्षेत्र घोषित करते आणि लोकांना आत कसे घ्यायचे याचा विचार नंतर होतो, तर तुमच्याकडे ग्रामसभा स्वतःच नियम करणारी आहे.

आपल्याच शेजारचा एक निवाडाही वाचण्यासारखा आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातून विस्थापित झालेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे परवाने देण्याच्या मध्य प्रदेश शासनाच्या निर्णयास आव्हान दिले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ते परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्रासह ओळखपत्र, काठावर आग न पेटवणे, देखरेख अशा अटी घातल्या. उपजीविका आणि संरक्षण यांपैकी एकाचा बळी दिला पाहिजे असे न्यायालयाने मानले नाही. परंतु परवाना म्हणजे मेहेरबानी आणि हक्क म्हणजे हक्क, हा फरक तेथेही उरतोच.

जाळेवाला (भंडारा) :

वरील सर्व माहिती मोलाची आहे, परंतु मी मत्स्य सहकारी संस्थेचा सभासद या नात्याने काही व्यवहाराच्या गोष्टी विचारतो, आणि त्या कोणाला कडू वाटल्या तर क्षमस्व.

तलावाचा मासेमारीचा ठेका संस्थेकडे असेल, तर ठेक्याची रक्कम संपूर्ण जलक्षेत्रावर आकारली जाते. मत्स्यबीज संस्था पैसे देऊन आणते आणि सोडते. आता त्या पाण्याचा तुकडा ग्रामसभेने बंद केला, तर बंद भागात शिरलेला मासा कोणाचा? संस्थेचे सभासद दोन-तीन गावांचे असतात, ग्रामसभा एका गावाची असते. शेजारच्या गावातील सभासदाने तुमच्या ठरावाला का जुमानावे? रात्री राखण कोण करणार आणि त्याला मजुरी कोठून देणार? आमच्याकडे एका तलावावर असाच बंदीचा फलक लावला गेला होता. फलकाला पहिल्याच पावसाळ्यात वेलींनी झाकले, आणि ज्यांनी तो मानला त्यांच्या वाट्याला कमी मासळी आली, न मानणाऱ्यांच्या वाट्याला जास्त.

मालगुजारी होती तेव्हा पाण्याची पाळी, गाळ काढणे, बांधाची डागडुजी हे सारे ठरलेले होते. ती चांगली व्यवस्था होती असे नाही, कारण मालक मालकच असतो, परंतु कोणाला जाब विचारायचा हे तरी ठाऊक होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. त्यानंतर सिंचन एकाकडे, मासेमारी दुसऱ्याकडे आणि काठची जमीन तिसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. आता राखीव भागाची चौथी समिती येणार असेल तर आधीच्या तिघांशी तिचे नाते काय, हे लिहून घ्या.

बांधावरचा :

आपण तिघांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल आभारी आहे. जाळेवाला भाऊ, आपले प्रश्न कडू नाहीत. आमच्या ज्येष्ठांच्या मनात हेच असावे. आमची संस्था दोन गावांची आहे आणि ठेका चालू आहे. तलाव उन्हाळ्यात बराच आटतो, पण वरच्या अंगाला एक खोल डोह आहे आणि तेथे बारमाही पाणी राहते. सूचना त्या डोहासह सभोवतालच्या उथळ भागाची आहे. बाहेरून येणाऱ्यांविषयी कर्लीकाठ यांनी विचारले आहे : डोहात पाणी उरते तेव्हा उन्हाळ्यात बाहेरगावचे लोक विषारी औषध टाकून मासे मारतात, ही आमची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. बंदीमुळे मासा खरोखर वाढेल काय, की आम्ही केवळ समुद्राचे ऐकून भारावलो आहोत, हे जाणकारांनी सांगावे.

गढूळ पाणी (मत्स्यशास्त्राचा शिक्षक, नागपूर) :

हा या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणता मासा हवा आहे यावर अवलंबून आहे.

समुद्रातील बंद क्षेत्राचा लाभ दोन वाटांनी बाहेर येतो. आत मासे वाढून दाटी झाली की काही मोठे मासे सीमेबाहेर येतात आणि जाळ्यात सापडतात. शिवाय आतल्या मोठ्या माद्या विपुल अंडी घालतात आणि ती अंडी व पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात. फिलिपिन्समधील अपो बेटावर गावकऱ्यांनी १९८२ साली किनाऱ्याचा साधारण अर्धा किलोमीटर भाग मासेमारीस बंद केला. सिलिमन विद्यापीठाचे अँजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी त्याआधी कित्येक वर्षे बेटावर जाऊन लोकांशी बोलत होते, आणि त्यांनी काही मच्छीमारांना शेजारच्या सुमिलोन बेटावरील बंद क्षेत्र प्रत्यक्ष नेऊन दाखवले होते. निर्णय मात्र बेटावरच्या लोकांनी घेतला, राखणही त्यांनीच केली, आणि काही वर्षांनी सीमेलगतच्या पाण्यात मासळी वाढल्याचे त्यांनाच दिसले.

सुमिलोनची कहाणी उलट आहे. तेथे १९७४ पासून विद्यापीठाच्या पुढाकाराने बंदी होती आणि मासाही वाढला होता. परंतु स्थानिक राजकारण बदलले, नगरपालिकेचे पाठबळ गेले आणि १९८४ च्या सुमारास बंद क्षेत्रात सर्रास मासेमारी सुरू झाली. मासेमारीचे क्षेत्र वाढले म्हणजे पकड वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती घटली. जो प्रयोग शास्त्रज्ञाला पटला पण सरपंचाला पटला नाही, त्याचे आयुष्य पुढच्या निवडणुकीपर्यंतच असते.

अपोलाही पुढे एक वळण आले. १९९४ साली ते राष्ट्रीय पातळीवरील संरक्षित क्षेत्र झाले, व्यवस्थापन मंडळ आले, पर्यटकांकडून मिळणाऱ्या शुल्काचा हिशेब सरकारी वाटेने जाऊ लागला आणि बेटावरच्या लोकांचा निर्णयातील वाटा कमी झाला. निस्तारपत्रक यांनी घोषणेबाबत जो इशारा दिला आहे, त्याला हे परदेशी उदाहरण पुष्टीच देते. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ साली उद्यान झाले, तेथील रहिवाशांनी स्वतःहून मासेमारी थांबवली, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याचे मोजले गेले. हा आकडा फार उद्धृत होतो. तो प्रवाळ खडकाजवळच्या समुद्राचा आहे, तलावाचा नाही, एवढे लक्षात ठेवूनच तो सभेत सांगावा.

आता तुमचा तलाव. रोहू, कतला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते पुराचे पाणी लागते. म्हणूनच १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने त्यांचे प्रजनन घडवून आणले तेव्हा देशातील मत्स्यशेतीचे चित्र बदलले. याचा अर्थ असा, की डोह कितीही वर्षे बंद ठेवला तरी त्यातून रोहू-कतल्याची नवी पिढी निर्माण होणार नाही. संस्थेने सोडलेले बीज तेवढे आत सुरक्षित राहील आणि मोठे होईल. मरळ, शिंगी, मागूर आणि काठच्या गवतात राहणारे लहान देशी मासे यांचे मात्र तसे नाही. ते तलावातच अंडी घालतात, मरळ तर पिल्लांची राखणही करतो. बंद डोहाचा खरा लाभ यांना होईल, आणि योगायोगाने हेच मासे उथळ पाण्यात स्त्रिया गोळा करतात व बाजारात मरळाला भावही चांगला मिळतो.

त्यामुळे संस्थेला सांगताना 'तुमचे उत्पन्न वाढेल' असे सरसकट सांगू नये. देशी मासा वाढेल, सोडलेल्या बीजाचे उत्पन्न साधारण आहे तेवढेच राहील, हे स्पष्ट सांगावे. आणखी एक गोष्ट : काठावर बेशरम (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे झुडूप) माजलेली असेल तर केवळ बंदीने काही होणार नाही. माशांना अंडी घालायला आणि लपायला देशी पाणवनस्पती लागतात. तुमच्याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर, विशेषतः स्त्रियांबरोबर, बेशरम काढून देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. तेथे जाऊन पाहणे हे मालवणला जाण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयुक्त ठरेल.

मोहाखाली (धानोरा तालुका, जि. गडचिरोली) :

मी आमच्या ग्रामसभेच्या अभ्यास गटात काम करते. स्त्रियांविषयीचा जो मुद्दा प्रश्नात शेवटी आला आहे, तो खरे तर पहिला असायला हवा होता, असे मला वाटते.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मन्नारच्या आखातात १९८६ साली एकवीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. रामनाथपुरम जिल्ह्यातील हजारो स्त्रिया त्या बेटांभोवती बुडी मारून समुद्री शेवाळ गोळा करतात, आणि उद्यानाच्या हद्दीने त्यांची रोजची जागाच निषिद्ध झाली. होडी आणि जाळे पुरुषांचे म्हणून 'मच्छीमार' या शब्दात त्या बसत नव्हत्या. त्यांनी संघटना केली, गोळा करण्याचे दिवस महिन्यातून बारापर्यंत आपणच कमी केले, खडक खरवडणारी लोखंडी हत्यारे सोडली, आणि मग प्रशासनाशी बोलणी केली. स्वतः नियम करून दाखवल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन आले. तरीही उद्यानाच्या व्यवस्थापनात त्यांना निर्णायक स्थान मिळाले असे नाही.

बांधावरचे भाऊ, तुमच्याकडे ही वेळ अजून आलेली नाही, म्हणून सांगते. ठराव होण्याआधी त्या स्त्रियांची वेगळी बैठक घ्या आणि तीही तलावाच्या काठावर, ग्रामपंचायतीच्या सभागृहात नव्हे. कोण, कोणत्या महिन्यात, कोठून, काय काढते हे त्यांच्याकडून नकाशावर उतरवून घ्या. बहुधा असे दिसेल, की उन्हाळ्यात डोहाची त्यांना गरज नाही, पण पावसाळ्यानंतर वरचा उथळ भाग त्यांना लागतो. तसे असेल तर डोह बारमाही बंद आणि उथळ भाग केवळ विणीच्या पावसाळी महिन्यांत बंद, अशी रेषा ओढता येईल. हद्द एकाच रंगाने रंगवण्याची घाई समुद्रावर झाली, तशी येथे कशाला करायची?

राखणीबद्दल जाळेवाला भाऊंनी विचारले आहे. मेंढ्यात निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वांच्या सहमतीने घेतात. त्याला वेळ लागतो, कधी एकच विषय कितीतरी सभा चालतो. पण ज्याने विरोध केला तोच रात्री जाळे टाकायला जातो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या वेळेची किंमत कळते. आमच्या गावातही त्यामुळे जंगलाची गस्त पाळीपाळीने चालते, मजुरी लागत नाही. विष टाकणाऱ्यांना पकडायचे तर काठावर रोज असणारी माणसे हवीत, आणि ती या स्त्रियाच आहेत. पेसा कायद्यात (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात) लहान जलाशयांच्या व्यवस्थापनाचीही तरतूद आहे, तिचा आधार तुम्हाला घेता येईल काय, ते पाहावे.

निस्तारपत्रक :

ताई, पेसा गडचिरोलीला लागू आहे, गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे यांना वनहक्क अधिनियमावरच उभे राहावे लागेल, आणि तो पुरेसा आहे. डोह आणि उथळ भाग यांना वेगळे नियम लावण्याची आपली सूचना मात्र आराखड्यात जशीच्या तशी घ्यावी. त्याला जोडून दोन गोष्टी सुचवतो. बंदीची मुदत तीन वर्षांची लिहावी आणि मुदतीनंतर ती आपोआप संपेल, चालू ठेवायची असल्यास नवा ठराव लागेल, असे नमूद करावे; कायमची बंदी म्हटली की लोक पहिल्याच दिवशी विरोधात जातात. दुसरे म्हणजे विष, स्फोटक किंवा बारीक आसाच्या जाळ्याने मासेमारी करण्याची मनाई बंद भागापुरती न ठेवता संपूर्ण तलावाला लागू करावी, म्हणजे भार डोहाजवळच्या लोकांवरच पडणार नाही.

बांधावरचा :

पुढच्या सभेसाठी मसुदा असा करीत आहे : डोह तीन वर्षे बंद, उथळ भाग आषाढापासून भाद्रपदापर्यंत बंद, विषाची मनाई सगळीकडे, आणि हद्द आखण्याआधी काठावर स्त्रियांची बैठक. मरळाची नोंद संस्थेच्या वजनाच्या वहीत वेगळ्या रकान्यात ठेवण्यास संस्थेचे सचिव तयार आहेत. शेजारच्या गावाच्या ग्रामसभेला मसुदा आधी पाठवून त्यांचा स्वतंत्र ठराव मागणार आहोत, कारण निम्मे सभासद त्यांचे आहेत. मालवणबद्दलचे उत्तर त्या ज्येष्ठांना मी काल सांगितले. 'मग आपण आधी विचारून घेऊ,' एवढेच ते म्हणाले.

जाळेवाला :

मसुदा ठीक वाटतो. एक राहिले आहे. चालू ठेक्याची मुदत संपायला किती काळ उरला आहे, हे पाहा, आणि बंद ठेवलेल्या जलक्षेत्राच्या प्रमाणात ठेक्याची रक्कम कमी करावी, असा अर्ज संस्था आणि ग्रामसभा या दोघांच्या सह्यांनी आताच द्या. त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत डोहाभोवती खुंट्या रोवू नका. शेजारच्या गावातील सभासद पहिला प्रश्न पैशाचाच विचारतील आणि तेव्हा दाखवायला कागद हवा.